अर्ध्या एकराची हुशारी

त्या शनिवारी सकाळी बंगळुरूतल्या व्हाइटफील्डहून निघताना आम्ही इतके खुशीत होतो की नवरा गाडीत बेसूर शीळ घालत होता आणि मी त्याला थांबवत नव्हते. काही वर्षांपूर्वी कर्नाटकातला कायदा बदलला, शेतकरी नसलेल्यांनाही शेतजमीन घेता येऊ लागली, आणि आनेकलच्या पुढे अर्धा एकर जमीन आमच्या नावावर झाली. मी पुण्याची, तो नागपूरचा. दोघांच्याही घरी कुंडीतल्या तुळशीपलीकडे कुणी काही पिकवलेलं नव्हतं. तरी कागदावर नाव चढल्यापासून नवरा मीटिंगमध्येसुद्धा ‘आमच्या शेतावर’ अशी वाक्यं सुरू करायचा. मीही काही कमी नव्हते, लिफ्टमध्ये लोकांना न विचारता पावसाचा अंदाज सांगायचे.

ज्या बाईंची ती जमीन होती त्यांना आम्ही अक्का म्हणायचो. त्या आमच्याशी मोडक्या हिंदीत बोलायच्या आणि आम्हाला सर आणि मॅडम म्हणायच्या. जमीन विकल्यावर त्यांच्या घरावरचे पत्रे जाऊन स्लॅब आला आणि मुलगा आमच्याच भागातल्या ऑफिसांची कॅब चालवू लागला. आता बरं चाललंय, असं त्या स्वतः म्हणायच्या, आणि मी ते मैत्रिणींना अशा थाटात सांगायचे जणू तो कायदा मीच केला होता. व्यवहाराच्या वेळी त्यांनी एकच गोष्ट मागितली होती. तुम्ही घर बांधेपर्यंत मला इथे नाचणी पेरू द्या. त्यांच्या घरात दोन्ही वेळा मुद्दे लागायचे, म्हणजे नाचणीच्या पिठाचे वाफाळते गोळे, आणि वर्षभराची नाचणी याच तुकड्यातून यायची. आजूबाजूच्या प्लॉटांवर आता कंपाउंड आणि लॉन होती. त्या लॉनना बोअरचं पाणी दिवसभर चालू असायचं आणि गावच्या बोअरला मात्र उन्हाळ्यात नुसती हवा यायची. अक्कांची नाचणी पावसावर वाढायची. तिला वेगळं पाणी लागत नाही याचाही मला अभिमान होता, का ते विचारू नका.

त्या दिवशी अक्का नात्यातल्या लग्नाला गेल्या होत्या. तण फार वाढलंय, सोमवारी खुरपते, असं त्यांनी फोनवर सांगितलं होतं. आम्ही ठरवलं, त्या यायच्या आत आपणच काढून टाकू. नवरा सॉफ्टवेअर टेस्टर आहे, तो कशालाही पद्धतशीर हात लावतो. पानाचा फोटो काढला की झाडाचं नाव सांगणारं एक ॲप त्याने घेतलं होतं. तो फोटो काढायचा, ॲप क्षणात ‘गवतवर्गीय तण’ म्हणायचं, मी उपटायचे. मधून मधून रुंद पानांची कोवळी, टवटवीत रोपं होती. ती ॲपला खाण्याजोगी वाटली, म्हणून आम्ही ती जिवापाड जपली. अकरा वाजेपर्यंत निम्मं शेत साफ. कंबर मोडली होती, पण बढती मिळाली तेव्हाही मला इतका आनंद झाला नव्हता. मातीने भरलेल्या हातांचा फोटो मी घरच्या ग्रुपवर टाकला. आईने उलट नमस्काराचे हात पाठवले.

दुपारी अक्का बसमधून उतरून थेट बांधावर आल्या. अंगावर रेशमी साडी, केसांत शेवंती. त्यांनी शेताकडे पाहिलं, मग ढिगाकडे, मग आमच्याकडे. नवऱ्याने मोठ्या उत्साहाने मोबाइल पुढे केला. त्यांनी तो न बघता ढिगातलं एक रोप उचललं.

“ही नाचणी,” त्या म्हणाल्या. मग त्या रुंद पानांकडे बोट दाखवलं. “आणि हे तण. एकसुद्धा उपटलं नाहीत, मॅडम.”

आणि त्यांना हसू फुटलं. पदर तोंडावर धरून त्या बांधावरच बसल्या. आम्हालाही हसू आवरेना. नवऱ्याला तर उचकी लागली. डोळे पुसता पुसता अक्कांचं हसू ढिगाकडे बघून ओसरलं तेव्हा मला कळलं, त्यांचं अर्ध्या वर्षाचं जेवण मी उपटून ठेवलंय. मी म्हटलं, आम्ही नाचणीचं पोतं आणून देतो. त्या उठल्या आणि त्यांनी विचारलं, “मॅडम, परत लावू का?”

लग्न होऊन आल्यापासून जिने इथे पेरलं ती बाई, पीक उपटणाऱ्या मला परवानगी विचारत होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

रेशमी साडी खोचून त्यांनी ढिगातली जिवंत मुळांची रोपं वेगळी काढली, उरलेल्या शेतात दाट उगवलेली उचलली. आम्ही तिघं ओल्या मातीत लावत गेलो. नवरा प्रत्येक रोपाला नंबर देत होता, अक्का त्याला कन्नडमध्ये चिडवत होत्या, त्याला ‘स्वल्प’, म्हणजे थोडंसं, एवढा एक शब्द सोडून काही कळत नव्हतं आणि तो प्रत्येक वाक्याला मान डोलावत होता. हसता हसता माझ्या तोंडून निघून गेलं, “पुढच्या वर्षी आधी तुम्हाला विचारू, मगच हात लावू.”

अक्कांचे हात थांबले. “पुढच्या वर्षी पेरायचं?”

त्यांचा चेहरा उजळला होता. नवरा माझ्याकडे बघत होता. घराचा पाया जानेवारीत खोदायचा होता. नकाशात अर्ध्या भागात घर होतं, अर्ध्या भागात लॉन, आणि ते लॉन मीच आखून घेतलं होतं. खोटं बोलणं त्या क्षणी फार सोपं होतं.

“नाही अक्का,” मी म्हटलं. “जानेवारीत घराचं काम सुरू होईल.”

“सरी,” त्या कन्नडमध्ये म्हणाल्या, म्हणजे बरं. माझ्या हातातल्या रोपाचं मूळ मातीबाहेर राहिलं होतं. त्यांनी आपला अंगठा माझ्या अंगठ्यावर ठेवून ते आत दाबलं. “मग हे तरी नीट लावा.”