वाफेत गेलेले दोन स्क्रू

"हे स्क्रू असे पांढुरके काहून पडले?" मी सिस्टरना विचारलं.

ट्रेमध्ये दोन स्क्रू होते. टेबलावर पेशंट, घोट्याजवळ चीर दिलेली. नेर गावच्या अंगणवाडी सेविका सुनंदाबाई. एसटीतून उतरताना पाय वाकडा पडून घोट्याचं हाड मोडलं होतं. स्क्रू काढायला पुन्हा ऑपरेशन करावं लागणार नाही, असा शब्द मी त्यांना दिला होता.

कारण हे स्क्रू मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचे. हाड जुळलं की शरीरातच हळूहळू विरघळतात. पण नुसतं मॅग्नेशियम अंगात फार लवकर झिजतं, म्हणून वर पातळ कोटिंग असतं. कंपनीतूनच निर्जंतुक होऊन सीलबंद येतात. पाकीट फोडायचं आणि थेट लावायचं.

सिस्टरनी ते सकाळीच फोडून, स्टीलच्या स्क्रूंबरोबर ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे निर्जंतुक करायच्या वाफेच्या भांड्यात, घातले होते. कोटिंगची पार वाट लागली होती.

"पाकिटावर लिहिलेलं वाचता येत नाही?" मी ओरडलो.

"सर, बाहेरून आलेला एकबी स्क्रू ऑटोक्लेव्ह केल्याबिगर टेबलावर यायचा नाही, हे तुमीच सांगतलं होतं न?"

सांगितलं होतं. आणि या नव्या स्क्रूंबद्दल ऑपरेशन थिएटरमध्ये कुणालाच काही सांगितलं नव्हतं. मला माझाच राग आला. तेवढ्यात दारातून मोठे सर बोलले. हॉस्पिटल त्यांचं.

"हेच बसव रे. शेवटी विरघळायचेच आहेत ना?"

माझं डोकंच फिरलं. "सर, हाड जुळायच्या आधी विरघळले तर? घोटा काय हवेवर उभा राहील?"

"दुसरा सेट यायला आठवडा लागेल. पेशंटला काय कळतंय?"

"मले सगळं ऐकू येऊन राह्यलं, डॉक्टर," पडद्याआडून आवाज आला. भूल फक्त कमरेखाली होती. "मले इचारा ना. पाय माहा हाय."

मी पडद्यापलीकडे वाकून जसं होतं तसं सांगितलं. स्क्रू बिघडलेत, चूक आमची. स्टीलचे टाकले तर पाय पक्का, पण टोचले तर काढायला पुन्हा चिरावं लागेल.

"टिकनारं टाका," त्या म्हणाल्या.

स्टीलचे टाकले. हाड छान जुळलं. पण घोट्यावर मांस कमी, चपलेच्या पट्ट्याखाली स्क्रूचं डोकं टोचायला लागलं. वर्षभराने काढावेच लागले. त्या दिवशी सुनंदाबाई माझ्याशी एक शब्द बोलल्या नाहीत. बरोबरच होतं.

धडा म्हणाल तर, नवी वस्तू आणली की ती कशी वापरायची हे आधी ट्रे लावणाऱ्याला सांगावं. आणि पेशंटला काय कळतंय, असं म्हणणाऱ्याला एकदा कमरेखाली भूल देऊन टेबलावर झोपवावं.