सहा नंबरच्या व्हॉल्व्हची गळती

फौजेतून नायब सुभेदार म्हणून निवृत्त झालो आणि पनवेलला घरी आलो. सहा महिने टीव्हीसमोर बसून जीव विटला. मग कळंबोलीतल्या एका कारखान्याच्या सबस्टेशनवर सुपरवायझर म्हणून लागलो. जवळच्याच ओवे गावचा दत्ताराम म्हात्रे फौजेच्या वर्कशॉपमध्ये बारा वर्षं माझ्या हाताखाली होता, नायक या हुद्द्यावर. त्यालाही मीच तिथे चिकटवला.

ट्रान्सफॉर्मरचं तेल गळणं हे नेहमीचंच दुखणं. आमची रीत ठरलेली. व्हॉल्व्ह पुसून कोरडा करायचा, खडूची पूड लावायची, अर्धा तास थांबायचं. पूड जिथे काळी पडेल तिथून गळती. म्हात्रेला हे फौजेत मीच शिकवलं होतं.

मे महिना होता. सकाळी ११.१०ला ट्रान्सफॉर्मरचं तेल थंड करणाऱ्या सहा नंबरच्या रेडिएटरचा वरचा व्हॉल्व्ह ठिबकताना दिसला. मॅनेजरने वीज बंद करून शटडाऊन द्यायला साफ नकार दिला.

"पंधरा मिनिटांत उरकता का?"

"येस सर," म्हणून मी मोकळा झालो. फौजेत नाही म्हणायची सवयच मोडते.

म्हात्रे शिडीवर चढला.

"ग्लँड नट पाव फेरा आवळ," व्हॉल्व्हच्या दांड्याभोवतीच्या नटाकडे बोट दाखवत मी खालून म्हणालो.

"साब, आधी खडू लावून बघू. गळती ग्लँडचीच हाय का, ठावं नाय."

"नायक, ऑर्डर आहे."

"येस साब."

ऑर्डर कसली! आम्ही दोघंही कंत्राटी कामगार होतो. पण माझ्या अंगातला सुभेदार जायला तयार नव्हता.

११.२५. गळती ग्लँडची नव्हतीच. व्हॉल्व्हच्या बिडाला बारीक तडा गेला होता. पाना फिरला आणि व्हॉल्व्ह फुटला. तापलेलं तेल म्हात्रेच्या तोंडावर, छातीवर उडालं. तो शिडीवरून खाली काँक्रीटवर पडला, डोक्यावरच.

मी वॉकीटॉकीवर ओरडलो, "कंट्रोल, लाइन ट्रिप करा! माणूस पडलाय!"

"कोण पडलंय? ओव्हर."

वॉकीटॉकी टाकून मी म्हात्रेकडे धावलो.

तिसऱ्या दिवशी म्हात्रे गेला. सरहद्दीवरच्या तीन पोस्टिंग त्याने सहीसलामत काढल्या होत्या. माझ्या पंधरा मिनिटांच्या घाईने त्याचा जीव घेतला. चौकशीच्या कागदावर 'अपघात' लिहिलं होतं. मी खाली सही केली. तेव्हापासून मला माझीच किळस येते.

ओव्याला त्याच्या घरी गेलो. त्याची बायको उंबऱ्यात बसली होती.

"सायेब, त्यांनी तुमचा ऐकला नाय का?"

"ऐकलं, वहिनी."

तिने आत जाऊन मला पाणी आणून दिलं, आणि मी ते प्यायलो.