जासईचा दयाळ

पनवेलला दर रविवारी आमचा प्रकल्पवर्ग भरायचा. शाळेच्या अभ्यासात न मावणारी मुलं निवडून तिथे आणलेली, आणि वर्गाचा एक नियम होता: विज्ञानाच्या प्रत्येक मुलाने कलेचा जोडीदार घ्यायचा. एकाने शोधायचं, दुसऱ्याने ते लोकांपुढे मांडायचं. मी नाटकं लिहिणारी. माझ्या वाट्याला आली जासईची एक मुलगी, आवाजाच्या अभ्यासाने झपाटलेली.

तिच्या घराला लागून कंटेनर यार्डाची भिंत. ट्रेलर मागे घेतानाचे भोंगे, लोखंडावर आदळणारं लोखंड. त्याच भिंतीवर बसून दयाळ पक्षी गातो. तिचा प्रश्न साधा होता: या गोंगाटात ऐकू जावं म्हणून जासईचा दयाळ शिरढोणच्या झाडीतल्या दयाळापेक्षा वरच्या पट्टीत गातो का?

प्रश्न ऐकला आणि मला उत्तर ठाऊक झालं. माझी अक्षरओळखच 'जाहीर सभा' या शब्दांवर झालेली. आईबाबांबरोबर नाक्यावर पत्रकं वाटताना शिकले होते, की पत्रक सभेच्या आधी छापतात. शिरढोणला तिच्या मावशीच्या अंगणात ती पहाटे माइक बांधत होती, तेव्हा माझं पथनाट्य लिहून तयार होतं. त्यात दयाळ भिंतीवरून यार्डाच्या मालकाला जाब विचारतो. ते भाषण मला अजूनही आवडतं.

मग तिने दोन्ही गावांच्या आवाजांची चित्रं संगणकाच्या पडद्यावर शेजारीशेजारी लावली. वरचा स्वर वर, खालचा खाली. फरक नव्हता.

मूल्यांकन तोंडावर आलेलं. त्यात निवड झाली तर वर्षभर खऱ्या प्रयोगशाळेत काम करायला मिळणार होतं, आणि ते तिला मनापासून हवं होतं. मी तिला समजावलं, नोंदी कमी पडल्या असतील, अन्याय तर खोटा नाही, आणि परीक्षकांना दयाळाचं भाषण भिडेल. वर्गात ती पुस्तकी मराठी बोलायची. त्या दिवशी घरच्या बोलीवर आली.

"तरास हाय, पन तो आमाला हाय. पाखराच्या तोंडी नको घालू."



तिने पुन्हा जासईची ध्वनिफीत लावली. दयाळामागे तिची आई तिला चहाला बोलावत होती, जवळजवळ भांडल्यासारखी. शिरढोणला मावशीचीही तीच हाक होती, पण अंगणापुरती. मी उडालेच. हाच पुरावा, म्हटलं.

"पुरावा नाय. पुढचा प्रश्न हाय."

पथनाट्य मी नव्याने लिहिलं. दोन शेजारणी, मध्ये भोंगा, आणि साधं मीठ मागायला लागणारा आरडाओरडा. लोक हसले. मग एका परीक्षकांनी तिला विचारलं, या सगळ्यातून सिद्ध काय झालं?

"दयाळाबद्दल काही नाही, सर. उलट आमचा अंदाज चुकला. आता माणसांबद्दल विचारायचंय."

मागे उभी असलेली मी मनातल्या मनात तिच्या वतीने चार वाक्यं जोडत होते. तिने एकही जोडलं नाही.

निवड झाली, आणि नियमाप्रमाणे जोडीदारासकट. आता सुट्टीच्या दिवशी मी जासईला असते. घरची परवानगी घेऊन आम्ही साधं बोलणं नोंदवतो. परवा तिने ओट्यावर माइक ठेवला, तर तिची आई एकदम देवळात बसल्यासारखी हळू बोलू लागली.

"आये, रोजच्यासारी बोल ना," ती म्हणाली.

आई भाकरी थापत राहिली. "रोजच्यासारी बोलले तर तुज्या यंत्राचा कान फुटंल," ती म्हणाली, आणि माझ्याकडे वळून, खास माझ्यासाठी आवाज चढवून, विचारलं, "मासळी खातेस ना?"