दोरीवरची फडकी

मुमताजआपा दारात आल्या की आधी माझ्याकडं नाही, दोरीवर वाळणाऱ्या फडक्यांकडं बघायच्या. बोट नाचवत एकेक मोजायच्या, मगच चप्पल काढायच्या. युसूफ वडगावहून दर मंगळवारी येणाऱ्या या नर्सबाईंचा मला भारी राग यायचा. माझं वय तेव्हा एकोणीस, अक्कल नऊ वर्षांची.

माझ्या सुनंदाचं आतडं जन्मतःच अडकलेलं. मोठ्या दवाखान्यात ऑपरेशन करून पोटावर वाट काढून दिली होती. शी तिथूनच यायची. अंगावर वजन आलं की ती वाट बंद करू, असं डॉक्टर म्हणाले होते. तोवर जुन्या लुगड्याची फडकी पोटाला बांधायची, सोडायची, धुवायची. आणि साल दुष्काळाचं. टँकर आला तर घरटी दोन हंडे.

मग मी हुशारी केली. पोरीला पाजणंच कमी केलं. आत कमी, बाहेर कमी! पंधरा फडक्यांची सहा झाली. सासूबाई म्हणाल्या, "पोट सुधारलं गं." मी फुगले.

आपांनी सहा मोजली आणि सुनंदाच्या टाळूवर बोट ठेवलं. टाळू खोल गेली होती. त्यांनी पोरीला उचललं ते थेट दूध संस्थेत नेलं. दुष्काळानं कॅन कोरडे, दूध तोलायचा काटा रिकामाच होता. घमेल्यात घालून पोरीला तोललं. वजन गेल्या मंगळवारपेक्षा कमी.

"काय गं पोरी, पाणी वाचवतीस का लेकरू?"

"पण आपा, वाहणं कमी झालंय की!"

"आत काय न्हाई, तर वाहंल काय? मीठ जातं, पाणी जातं. जितकं जातं तितकं भरायचं, वर घासभर जास्त. घडीघडी पाज. दवाखान्याची मीठ-साखरेची पुडी पाण्यात कालवून चमच्याचमच्यानं दे. आन् तूबी जेव. तुझ्यातच न्हाई ते तिला कुठनं येणार?"

संस्थेचे सेक्रेटरी ऐकत होते. म्हणाले, "कॅन धुवायचं पाणी हाय, न्या फडक्यांना. कॅनला कशाला आंघोळ, त्यांचाबी उपासच हाय."

त्या काट्यावर किती मंगळवार गेले, आता आठवत नाही. शेवटी वजन भरलं, वाट बंद झाली. सुनंदा आज मला दम देण्याइतकी धडधाकट आहे.

गेल्या उन्हाळ्यात कळलं, आपा अंथरुणाला खिळल्यात. मी भेटायला गेले. त्यांच्या अंगणात पाय ठेवला आणि नजर आपसूक दोरीकडं गेली. एकच फडकं.

त्यांची सून थकलेल्या आवाजात म्हणाली, "खातच न्हाईत ओ, मावशी."

आपा हळूच पुटपुटल्या, "ती धुऊन धुऊन दमती. पाणी तरी कुठं हाय."

मी खाटेवर टेकले. "काय आपा, पाणी वाचवताय का म्हातारी?"

आपा आवाज न करता हसल्या. तोंड उघडलं. पातळ खिचडीचे चार चमचे गेले.

मी तीन दिवस तिथंच राहिले. फडकी मी धुतली. सूनबाई जराशी निजली. निघताना दोरीवर पाच होती. पुढल्या आठवड्यात आपा गेल्या. पण उपाशी नाही गेल्या.