या घरी तंबाखू बंद

सायली, अनय,

तंबाखूविरोधी कामासाठी वेगवेगळ्या लोकांची मोट बांधायची जबाबदारी तुझ्यावर आली, आणि ‘कोअॅलिशन’ला मराठीत काय म्हणावं असं तू विचारलंस, सायली. नेमका शब्द मला सापडला नाही. माझी मोट कशी बांधली गेली, तेवढं सांगते. चुकीने बांधली गेली. अनय, तूही वाच.

एकोणीसशे साठनंतरची वर्षं. दारव्हा तालुक्यात मी मुख्य सेविका होते, म्हणजे गावोगावच्या ग्रामसेविकांवर देखरेख करणारी. बोरी अरबजवळच्या एका तांड्यात बायका भाजलेल्या तंबाखूची पूड दातांना लावत. मूल रडलं की तेच बोट त्याच्या हिरड्यांवर फिरवत. त्यातून सोमला राठोडचा नातू निपचित पडला. वाचला, पण सोमलाच्या बायकोने, धापलीने, पुडीची डबी माझ्या हातात आणून ठेवली.

मला कोण आनंद! मी गेरूने तिच्या दाराशेजारी ठळक लिहिलं : ‘या घरी तंबाखू बंद.’ तांड्यात कोणाला वाचता येत नव्हतं. धापलीला म्हटलं, “तुझं कौतुक लिहिलंय.”

पुढच्या फेरीला मी पोचते, तोच सोमला धावत आला.

“बाई, काय लिवून ठेवलं तुमी? पाहुने वापस चालले!”

त्याच्या मुलीची, जमनीची, त्या दिवशी सगाई होती. पाहुण्यांतल्या एकाला वाचता येत होतं. त्याने भिंत मोठ्याने वाचली, आणि त्यांच्या दमणीचे, म्हणजे छोट्या बैलगाडीचे, बैल कोणी सोडलेच नाहीत.

“अहो, पण त्यात वाईट काय आहे?”

“पंचायत ज्याले वाळीत टाकते, त्याची चिलीम-तंबाखू बंद करते, बाई. त्याच्या घरचं पानी बी कोनी पेत नाई. त्यायले वाटलं, आमाले टाकलं.”

“मी आत्ता पुसते.”

“पुसू नका,” दारातून जमनी म्हणाली. “पुसलं तं म्हनतीन, लपवून राह्यले. याडी कवाची रडून राह्यली.” याडी म्हणजे आई, धापली.

दमणी नाल्यावर थांबली होती. बैलांचं पाणी पिऊन होईपर्यंतच वेळ होता. मी थावरा नायकांकडे गेले. तांड्याचे प्रमुख ते. माझ्या एकाही मीटिंगला आले नव्हते. हुक्का ओढत बसले होते.

“या बाई. तीन महिने मले म्हनून राह्यल्या, सोडा, सोडा. आन् आज एका पोरीची सगाई सोडवली?”

“नायक, पाहुण्यांसमोर सोमलाच्या घरचं पाणी प्या. एवढंच करा.”

“पेतो. पन भितीवर लिवलं ते खरं का खोटं?”

“खरं आहे. धापलीने सोडली.”

नायकांनी हुक्का बाजूला सरकवला.

“एकाच्या भितीवर असलं तं वाळीत. समद्यायच्या भितीवर असलं तं ठराव. गेरू आना.”

पहिली भिंत त्यांचीच. धापली डोळे पुसून घरोघर सुटली. बायका डब्या घेऊन दारात आल्या. पुरुष कुरकुरले.

“नायक, मंग आमी काय चघळाव?”

“माती चघळ. पोरगी तांड्याची हाय.”

मी लिहीत होते आणि नाल्याकडे बघत होते. अक्षर इतकं वाईट मी कधी काढलं नाही. नायक स्वतः दमणीला आडवे गेले आणि पाहुण्यांना घेऊन आले. तो वाचणारा एकेक भिंत वाचत चालला. पाचव्या घरापाशी हसला. नायक सोमलाच्या ओट्यावर बसले आणि सगळ्यांसमोर लोटाभर पाणी प्याले.

पाहुण्यांतला म्हातारा म्हणाला, “मंग सगाईले हुक्का बी नाई?”

“गूळ हाय ना,” नायक म्हणाले. त्यांचा उजवा हात मात्र सवयीने हुक्क्याची नळी शोधत होता.

आमच्या बीडीओ साहेबांना बातमी लागली. “अख्ख्या तांड्याने ठराव केला? पद्धत लिहून द्या. सगळीकडे राबवू.”

“पद्धत नव्हती, साहेब. चूक होती.”

“रिपोर्टमध्ये चूक कशी लिहिणार? लोकसहभाग लिहा.”

तसं लिहिलं. तुम्हांला मात्र खरं सांगते : कोणाच्या भिंतीवर काही लिहिण्याआधी, त्या शब्दाचा त्या घरात अर्थ काय, ते विचारावं.

पुरुषांच्या बिड्या शेतात चालूच राहिल्या. वर्षभरात नायकांचा हुक्काही गोठ्यामागे परतला. पण लेकरांच्या हिरड्यांना पुन्हा कोणी पूड लावली नाही. भिंती केव्हाच सिमेंटच्या झाल्या, गेरू गेला. त्या तांड्यात सगाईला अजूनही हुक्का मांडत नाहीत. गूळ ठेवतात.