पूजेत मांडलेली हातविंच

इच्छापोरच्या आमच्या यार्डात मी स्टोअर सांभाळत होतो. नव्वदीचं दशक निम्मं सरलं होतं. हजिऱ्याकडच्या खाजणात पाइपलाइनचं काम चालू होतं आणि तिथवर जाणारी जीप एकच. ती रुतली की ओढून काढायला जुनी हातविंच होती: लोखंडी पेटी, लांब दांडा, तारेचा दोर. दांडा मागेपुढे करायचा, तार बोट-बोट सरकायची. माणूस घामाघूम व्हायचा, पण जीप निघायची.

साहेबांनी एकदा सगळ्यांसमोर विचारलं, नवी घ्यायची तर हाताची की बॅटरीवरची? मी बॅटरीवरची म्हणालो. कॅटलॉग वाचला होता मी. जीपचा ड्रायव्हर लिंबायतला राहायचा, मूळचा धुळ्याकडचा. घरची अहिराणी आमच्याशी बोलताना तो सावरून घ्यायचा, तरी मधूनमधून यायचीच.

"हातनीच बरी शे, साहेब. ही नवी पुढच्या बंपरला बसणार, म्हणजे पुढेच ओढणार. खाजणात पुढे काय आहे? अजून चिखल. आपल्याला मागे ओढणारी पाहिजे." मग माझ्याकडे बघून म्हणाला, "भाऊंचं काय, त्यांची फार तर खुर्ची रुतते."

सगळे हसले. साहेबही हसले आणि घेतली मात्र बॅटरीवरचीच. पण ते हसणं माझ्या मनातून गेलं नाही. त्यातून तो जुनी हातविंच सीटखाली घेऊनच फिरायचा. ती दिसली की मला तेच हसू ऐकू यायचं.

खंडेनवमीला यार्डातली आम्ही मराठी माणसं अवजारं धुऊन स्टोअरमध्ये मांडायचो. पाने, जॅक, घण. हळदकुंकू, झेंडू. एकदा पूजेला बसलं की दसऱ्याच्या सकाळपर्यंत त्याला कोणी हात लावायचा नाही. त्या वर्षी सीटखालची हातविंच मीच काढून आणली आणि पाटावर मधोमध ठेवली. पूजेसाठीच आणली, असं स्वतःला सांगितलं.

पूजा झाल्यावर साइटवरचा पंप बंद पडल्याचा निरोप आला. जीप काढावी लागली. दुपारी तो एकटाच चालत परत आला, मांडीपर्यंत चिखलाने भरलेला. स्टोअरमध्ये मी एकटा होतो.

"भाऊ, रुतली. पुढे खाडी आहे, भरती चढतेय. हातविंच द्या."

"पूजेत आहे."

"दिसतंय मला. पाप माझ्या माथ्यावर. द्या."

"बंपरला नवी आहे ना? ती चालव की."

त्याने उंबऱ्याबाहेरूनच पाटाला हात जोडले आणि निघाला.

देवाची भीती मला नव्हती असं नाही. पण ते कारण नव्हतं. त्याने नव्या विंचेनेच गाडी काढावी, चार लोकांत तसं कबूल करावं, एवढंच मला हवं होतं. हे एक वाक्य लिहायला माझी निम्मी हयात गेली.

पुढे ओढून उपयोग नव्हता, म्हणून त्याने बंपरची तार बाजूच्या बाभळीला तिरकी बांधली. ताण आला आणि तार तुटून उलटी त्याच्या गुडघ्यावर बसली. मजुरांनी त्याला उचलून आणलं. जीप भरतीत गेली.

चौकशीत मी लिहून दिलं, 'हातविंच स्टोअरला उपलब्ध होती. ड्रायव्हरने मागितली नाही.' खाली सही केली. त्याचं कोणी ऐकलं नाही. त्याची नोकरी गेली.

वर्षभराने एकदा लिंबायतला त्याच्या खोलीवर गेलो. सांगून टाकायचं ठरवूनच गेलो होतो. ताठ पाय पुढे पसरून तो साड्यांचे धागे कापत बसला होता, शेजारी बायकोही तेच करत होती. माझ्या त्या लिहून देण्याबद्दल तो काही बोलला नाही.

"चूक मनी व्हती, भाऊ," कात्री खाली ठेवत तो म्हणाला. "पूजेतलं अवजार मागायला नको होतं. देवीनी पाय लिधा."

बायको म्हणाली, "खंडेनवमीला आता कात्रीलासुद्धा हात लावत नाहीत. दिवसभर उपाशी असतात."

माझे शब्द ओठापर्यंत आले होते. तेवढ्यात तिने चहा पुढे केला. मी तो प्यालो, कप विसळायला तिच्या हातात दिला आणि उठलो.