निरोपाची शाल

पावसाळ्यात सायकलने ऑफिसला कसं जावं, यावर मी तासभर बोलू शकतो. कुणी विचारायचीही गरज नाही. पिपरी मेघेहून वर्ध्यातल्या ऑफिसपर्यंत अंगात हाफपँट आणि जुना टीशर्ट, कॅरिअरला प्लास्टिकच्या पिशवीत इस्त्रीचे कपडे. पोचलो की रेकॉर्ड रूममध्ये बदलायचं आणि ओले कपडे फायलींच्या रॅकवर वाळत घालायचे. ‘नियोजन लागतं,’ असं मी मोटरसायकलवाल्यांना ऐकवायचो. बायको म्हणायची, “ऑटोनं जा ना जी, कोनाले दाखवून राह्यले?” खरं सांगायचं तर सगळ्यांनाच.

त्या दिवशी आमच्या शिपाई मावशी रिटायर होत होत्या. साहेब रिटायर झाला की हारतुरे असतात, शिपायाला समोसा खाऊ घालून मोकळं करतात. यावर मी मीटिंगमध्ये तावातावाने भांडलो, मावशींसाठी लोकरीची शाल मंजूर करून घेतली, स्वतः निवडून आणली आणि माझ्याच कपाटात ठेवली. मावशींना आजवर कुणी शाल पांघरवली नव्हती. आठवडाभर त्या विचारत होत्या, “खरंच देता जी, का मजाक करून राह्यले?” सिंदीहून त्यांची सून आणि नाती सकाळच्या गाडीनेच येऊन बसल्या होत्या. कार्यक्रम चार वाजता होता.

नेमकी त्याच दिवशी माझी पिशवी फाटली. शर्ट वाचला, पण पँट चिंब. अंगातली हाफपँट तर निथळतच होती. पँट टेबलफॅनसमोर टांगली आणि टॉवेल शोधायला कपाट उघडलं. टॉवेल घरी राहिला होता. शाल होती.

पाचच मिनिटं, म्हटलं. दार लावून हाफपँट काढली आणि शाल लुंगीसारखी गुंडाळली. इतकी ऊबदार, की मी खुर्चीत टेकलो आणि चक्क मासिक अहवाल लिहायला घेतला. अर्धा-पाऊण तास गेला असेल.

मग दारावर एका सहकाऱ्याची थाप. “साहेबांना नागपूरला बोलावलंय. कार्यक्रम आत्ताच उरकायचाय. शाल आणा लवकर!”

अगा बाप्पा! ओली पँट ओढून चढवताना पडता पडता वाचलो. शाल झटकली, वास घेऊन पाहिला, घडी घातली. शाल सापडतच नाही असं सांगावं, हेही मनात येऊन गेलं. एवढा मी शूर. पण बाहेर मावशींच्या नाती पहिल्या रांगेत बसल्या होत्या. मरणाची लाज वाटत होती, तरी शाल नेऊन दिली.

साहेबांनी ती मावशींच्या खांद्यावर घातली. टाळ्या झाल्या. मावशींनी शालीवरून हात फिरवला आणि एका जागी तो थांबला. सगळे समोशांकडे वळल्यावर त्या माझ्याजवळ आल्या.

“बाबू, शाल गरम कशी हाये?”

इस्त्री केली, असं सांगणार होतो. पण सगळं सांगून टाकलं. मावशींनी माझ्या पँटकडे पाहिलं, पायाखालच्या पाण्याच्या थारोळ्याकडे पाहिलं आणि खुर्चीचा आधार घेऊन हसायलाच लागल्या. हसता हसता म्हणाल्या, “असू द्या जी. इतके पावसाळे तुमच्या मागं मागं पानी पुसत फिरली मी. उद्यापासून तुमचं तुमी पुसून घेजा.”

त्या हसतच होत्या. माझं हसू मात्र जागीच विरलं. गेटपासून रेकॉर्ड रूमपर्यंत माझं पाणी रोज कुठे जात होतं, हा प्रश्न माझ्या त्या थोर नियोजनात कधी आलाच नव्हता.

फोटोसाठी हाका आल्या. मावशी शाल सावरत नातींमध्ये जाऊन बसल्या. मी ठरवलं, उद्या कशाला, आत्ताच पुसतो. पण पोछा कुठे ठेवतात, हेच मला ठाऊक नव्हतं. फोटो थांबवून मला त्यांनाच विचारावं लागलं.